घर तापतं, कापड आटतं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळच्या पत्रांमध्ये दोनच विषय सारखे येतायत, घराला पडणारे तडे आणि धुतल्यावर आटणारे कपडे. वरवर बघता या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटेल, पण मला तरी तो फार जवळचा वाटतो, कारण दोन्हीकडे गोष्ट तीच आहे, वस्तू हलायला बघतेय आणि तिला कुणीतरी धरून ठेवलंय. म्हणून सगळी पत्रं एकत्रच घेतलीत. काही उत्तरं लांबलीत, तिथे सांगण्यासारखं खरंच बरंच होतं.

प्रश्न: सगळ्यात वरच्या मजल्यावर, छताच्या अगदी खाली, भिंतीवर एक लांबच लांब आडवी चीर पडलीय. कितीही वेळा पुट्टी भरून रंग मारला तरी त्याच जागी परत येते. घर खचतंय का?

उत्तर: खचतंय असं लगेच धरून चालू नका. चीर फक्त वरच्या मजल्यावर आहे, आडवी आहे आणि स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात नेमकी तिथेच आहे, या तीन गोष्टी जुळल्या की बहुतेक वेळा ते काम उन्हाचं असतं.

हिशोब करून बघूया म्हणजे पटेल. काँक्रीटचं तापमान १ अंश वाढलं की ते दर मीटरला साधारण १० मायक्रॉन वाढतं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, ऐकायला काहीच नाही. पण १० मीटर लांबीचा स्लॅब घ्या आणि भर दुपार ते पहाट असा ३० अंशांचा फरक घ्या, वर सावली नसेल तर एवढा फरक सहज पडतो, तर तो स्लॅब दिवसा ३ मिलिमीटर लांब होतो आणि रात्री परत आखडतो, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. खालची भिंत मात्र आत असते, तिच्यावर थेट ऊन नाही, शिवाय विटेचं प्रसरण तसंही काँक्रीटच्या साधारण निम्मंच. म्हणजे वरचा स्लॅब सरकायला बघतो, खालची भिंत जागची हलत नाही, आणि दोघांना सिमेंटने एकमेकांना चिकटवून टाकलंय. मग कुठेतरी सुटणारच ना, आणि सुटतं ते सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे सांध्यावर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती सगळ्याच प्रश्नांना लागू आहे. नुसतं तापून किंवा गार होऊन काँक्रीट फुटत नाही. तोच स्लॅब मोकळा ठेवला असता तर तो आरामात वाढला असता, आखडला असता, कुणाला कळलंही नसतं. फुटतो तो अडवल्यामुळे. काँक्रीट दाब सोसायला भक्कम पण ताण सोसायला फार कच्चं, ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश. ३० अंश गार होणाऱ्या काँक्रीटला दोन्ही टोकांना पूर्ण जखडून ठेवलं तर हिशोबाने त्यात ७ ते ९ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण तयार होतो आणि नेहमीचं काँक्रीट २ ते ४ मेगापास्कललाच तुटतं. वीटकाम आणि प्लास्टर तर त्याहूनही कच्चं.

मग आत लोखंडी सळया आहेत त्या काँक्रीटशी का भांडत नाहीत? कारण लोखंड दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे काँक्रीटच्या अगदी जवळपास. आरसीसी, म्हणजे आत सळया घातलेलं काँक्रीट, नावाची गोष्ट टिकते यामागे हे एक मोठं कारण आहे आणि ते निसर्गाने आपल्याला फुकट दिलंय. याच जोडीवर जोझेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. सळयांच्या जागी ॲल्युमिनियम वापरलं असतं तर ते दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं, काँक्रीटच्या दुपटीहून जास्त, तेव्हा नुसत्या उन्हानेच दोघांची फारकत झाली असती.

आता तुमच्या चिरेचं काय करायचं. आधी ती चीर नक्की हलतेय का ते बघा, चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि बाजूला तारीख लिहा, रुंदी सकाळी एकदा आणि दुपारी उशिरा एकदा मोजा, हे थंडीतही करा आणि उन्हाळ्यातही. रुंदी उन्हाप्रमाणे कमीजास्त होत असेल पण वर्षभराने एकूण वाढलेली नसेल तर ती तापमानाचीच. मग तिच्यात कडक पुट्टी भरणं सोडून द्या, कडक माल भरला की तुम्ही पुन्हा तेच जखडणं करताय. चीर थोडी खरवडून इंग्रजी व्ही आकाराची खाच करा आणि तिच्यात ताणलं जाणारं ॲक्रिलिक सीलंट भरा, त्याच्यावर रंगही बसतो, सिलिकॉनवर बसत नाही. आणि मुख्य म्हणजे गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा थर द्या, मूळ कारण वर आहे खाली नाही. नवीन बांधत असाल तर स्लॅब आणि भिंत यांच्यामध्ये सरकू देणारा थर ठेवायला इंजिनिअरला आधीच सांगा, नंतर ते करणं फार अवघड.

पण चीर तिरकी असेल, विटांच्या सांध्यांमधून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत असेल, एका टोकाला रुंद दुसऱ्याला बारीक असेल, किंवा कॉलम-बीममधून जात असेल तर हे वरचं सगळं विसरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, वाट बघू नका. आणि सळईच्या रेषेत काँक्रीटचे पोपडे निघत असतील तर तो गंज आहे, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतं आणि आतून काँक्रीट फोडत बाहेर येतं, त्याला कुठलंही सीलंट उपयोगाचं नाही.

प्रश्न: काचेच्या बरणीचं धातूचं झाकण घट्ट बसलं की गरम पाण्याखाली धरतात. पण झाकण तापून सगळीकडून फुगलं तर आतलं भोक लहान व्हायला पाहिजे ना?

उत्तर: नाही, भोकही मोठंच होतं. कल्पना करा की पत्र्याची एक अख्खी चकती आहे आणि तिच्यावर तुम्ही पेन्सिलने वर्तुळ काढलंय. चकती तापवली की वर्तुळही मोठं होणार, बरोबर? आता तेवढाच भाग कापून काढला तरी कडेच्या पत्र्याला काही फरक पडत नाही, तो तेवढाच वाढणार. झाकण पत्र्याचं असेल तर दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन आणि काच ९, फरक थोडाच आहे पण झाकण आधी तापतं आणि काच मागे राहते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटातच फिरवा. बरणी पूर्ण तापेपर्यंत थांबलात तर फायदा कमी होतो.

प्रश्न: ताई, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि नंतर फारसं आटत नाही, असं का? आणि लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये टाकला तो लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर आला, तो परत मोठा करता येईल का?

उत्तर: दोन्हीला आपण आटणं म्हणतो पण आत घडतं ते पूर्ण वेगळं आहे.

आधी सुती. कापड विणताना ताण्याचे, म्हणजे उभे धागे मागावर ताणून बांधलेले असतात, ताणल्याशिवाय विणताच येत नाही. नंतर धुलाई, रंगाई, गुंडाळणी, सगळीकडे ते कापड लांबीने ओढलंच जातं आणि त्याच ओढलेल्या स्थितीत वाळतं. म्हणजे दुकानातून आणलेलं कापड हे ताणून ठेवलेलं कापड असतं, फक्त ते दिसत नाही. पाण्यात गेलं की धागे सैल होतात आणि आपल्या मूळ लांबीकडे परत जातात. हा झाला एक भाग.

दुसरा भाग मला जास्त आवडतो. कापसाचा तंतू पाण्यात फुगतो, पण जाडीत चांगलाच फुगतो आणि लांबीत जवळजवळ नाहीच. आता कापडात काय असतं, प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून वळणं घेत जातो. ते आडवे धागे जाड झाले की उभ्या धाग्याला मोठं वळण घ्यावं लागतं, त्याला जास्त लांबी लागते, पण तो स्वतः तर लांब होत नाही, मग तो आडव्या धाग्यांना एकमेकांच्या जवळ ओढतो. म्हणजे धागा फुगतो म्हणून कापड आखूड होतं! वाळल्यावर धागे परत बारीक होतात पण जवळ आलेले धागे आपणहून लांब जात नाहीत. एकदा हे घडून गेलं की दुसऱ्या तिसऱ्या धुण्यात घडायला फारसं काही उरत नाही, म्हणून पहिल्या वेळेलाच सगळ्यात जास्त.

म्हणूनच गरम पाण्यालाच दोष देऊ नका, गार पाण्यातही हे होतं, गरम पाणी आणि घुसळण यामुळे ते लवकर आणि पूर्ण होतं एवढंच. १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांनी यावर एक सुंदर उपाय काढला, ओलसर कापड जाड रबरी पट्ट्यावर दाबून धरायचं, पट्टा आधी ताणलेला असतो आणि मग आखडतो, त्याच्याबरोबर कापडही लांबीत दाबलं जातं, म्हणजे जे आटणं तुमच्या घरी होणार होतं ते कारखान्यातच उरकून घ्यायचं. कापडावर सॅनफोराइज्ड असं छापलेलं असतं ते या क्लुएट यांच्या पहिल्या नावावरून. तसं काही छापलेलं नसेल तर शिवायच्या आधी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, त्याला पर्याय नाही. आणि अस्तर वेगळ्या कापडाचं असेल तर तेही भिजवा, नाहीतर वरचं आटतं आणि आतलं लोंबतं किंवा उलटं, आणि शिवण कायमची गोळा होते.

टी-शर्टसारखं विणकामाच्या टाक्यांचं कापड याहून जास्त आटतं, कारण तिथे सरळ धागे नसून एकात एक अडकवलेले फासे असतात आणि फाशाला आकार बदलायला भरपूर जागा असते. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ओला जड टी-शर्ट दोरीवर खांद्याने लटकवला की तो लोंबून लांब होतो.

आता लोकर. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर मुळापासून टोकाकडे बारीक खवले असतात. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो आणि उलट्या दिशेने अडकतो, कपड्यात घुसलेलं कुसळ जसं पुढेपुढेच जातं, तसंच. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेने सरकत राहतो, मागे येत नाही, आणि सगळे एकमेकांत रुतून घट्ट नमदा तयार होतो. नमदा मुद्दाम करतात तो याच पद्धतीने. सुती कापड ओलं असताना ओढून इस्त्री केली तर थोडी लांबी परत मिळते, पण नमदा झालेली लोकर परत सुटत नाही, तेव्हा तुमचा स्वेटर मोठा होणार नाही हे सांगताना मलाही वाईट वाटतंय. पुढच्या वेळी गार पाणी, न चोळता बुडवून काढणं आणि सपाट पसरून वाळवणं. मशीनमध्ये चालेल असं लिहिलेली लोकर मिळते, तिचे खवले रसायनाने बोथट केलेले असतात किंवा त्यांच्यावर पातळ थर दिलेला असतो.

प्रश्न: लाकडी दार पावसात अडकतं आणि कोरड्या दिवसांत सैल होतं. हे पण उष्णतेने प्रसरणच ना?

उत्तर: नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. लाकूड उष्णतेने वाढतं ते इतकं कमी की तुम्हाला कळणारही नाही. ते हलतं ते हवेतल्या ओलाव्याने, आणि सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे झाड जसं उंच वाढलं त्या दिशेने, जवळजवळ शून्य. आडव्या दिशेने भरपूर, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या बाजूने जेवढं हलतं ते केंद्रापासून बाहेरच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून दाराची उंची तशीच राहते आणि रुंदी वाढते, कडी लागत नाही.

जुने सुतार हे पक्कं ओळखून होते. चौकटीत बसवलेल्या फळ्यांचं दार बघा, मधली फळी खाचेत नुसती सरकवलेली असते, तिला सरस लावत नाहीत, ती खाचेतल्या खाचेत फुगते आणि आखडते आणि बाहेरची चौकट तशीच राहते. कुणी हौसेने ती फळी चौकटीला चिकटवून टाकली की एका कोरड्या ऋतूत ती मधोमध फाटते. प्लायवूडमध्ये वेगळी युक्ती आहे, पातळ थर एकावर एक काटकोनात चिकटवायचे, प्रत्येक थर जिकडे फुगायला बघतो तिकडे शेजारच्या थराची न हलणारी दिशा असते, मग कुणालाच फारसं हलता येत नाही.

तुम्हाला सल्ला एवढाच की पावसात दार रंध्याने तासू नका, कोरड्या दिवसांत मोठी फट राहील. हवा कोरडी झाल्यावर दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवा, त्या दोन कडांवर लाकडाची कापलेली टोकं उघडी असतात आणि ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो, आणि रंगारी नेमक्या त्याच दोन कडा सोडतात कारण त्या दिसत नाहीत.

प्रश्न: शर्टाचं कापड उभं ओढलं तर ताणत नाही, आडवं ओढलं तरी नाही, पण कोपऱ्यातून तिरपं ओढलं की मस्त ताणतं. धागा तर तोच आहे.

उत्तर: धागा तोच आहे आणि तिरपं ओढताना तो ताणला जातच नाही! उभं ओढता तेव्हा थेट धाग्यालाच ओढता, आणि सुताचा धागा सहजासहजी लांब होत नाही. तिरपं ओढता तेव्हा उभ्या-आडव्या धाग्यांमधले छोटे चौकोन तिरके होऊन शंकरपाळ्याच्या आकाराचे होतात, धागे फक्त एकमेकांवर थोडे फिरतात, लांबी तीच राहते पण कर्ण वाढतो. त्याच वेळी कापड दुसऱ्या बाजूने अरुंद होतं, ते करून बघा, लगेच दिसेल.

शिवणकाम करणारे याला उरेब म्हणतात आणि गोल गळ्याला, बाहीच्या कडेला जी पट्टी लावतात ती उरेबच कापतात, सरळ पट्टी गोलाईवर बसतच नाही, चुण्या पडतात. माडलेन व्हिओने या फ्रेंच ड्रेसमेकरने १९२० च्या दशकात अख्खे पोशाखच तिरप्या कापडातून कापले आणि ते अंगावर पाण्यासारखे बसायचे.

घरातही हेच दिसतं. चार पट्ट्या जोडून केलेलं मांडणीचं रॅक डुलतं, पट्ट्या कितीही मजबूत असल्या तरी चौकोन तिरका होतोच, मागून एक तिरपी पट्टी मारली की डुलणं थांबतं. कापडात ती तिरपी पट्टी नसते म्हणून ते अंगावर छान पडतं, रॅकमध्ये ती लागते म्हणून आपण मारतो.

प्रश्न: सगळ्याच वस्तू तापल्यावर वाढतात का? पॉलिएस्टरचा पडदा गरम ड्रायरमध्ये आखूड झाला.

उत्तर: फार चांगला प्रश्न, कारण सगळ्या नाही वाढत. एक प्रयोग करा, रबरबँडला एखादं वजन लटकवा, म्हणजे तो चांगला ताणला जाईल, आणि त्याच्यावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडा. वजन खाली यायच्या ऐवजी वर उचललं जातं. ताणलेलं रबर तापलं की आखडतं. जॉन गॉफ या अंध अभ्यासकाने १८०५ साली हे नोंदवलं, त्यांनी रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली तर ती गरम झाल्याचं ओठांना जाणवलं, आणि पुढे त्याच शतकात भौतिकशास्त्रज्ञ जूल यांनी ते मोजून दाखवलं. ओठांवरचा प्रयोग तुम्हीही रबरबँडवर करू शकता.

कारण असं की रबरात लांब लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्यांना वेडंवाकडं गुंडाळून राहणं सोयीचं असतं. ताणलं की त्या सरळ होतात. उष्णता म्हणजे रेणूंची धडपड, ती वाढली की साखळ्या जास्त जोराने गुंडाळायला बघतात आणि रबर आखडतं. पॉलिएस्टरचा धागा बनवतानाही तो गरम असताना त्याच्या लांबीच्या कित्येक पट ओढतात, साखळ्या सरळ होतात आणि गार झाल्यावर तशाच अडकून बसतात. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर गेलं की त्या सैल होतात आणि परत गुंडाळायला लागतात. चांगल्या कापडाला कारखान्यात आधीच जास्त तापमानाला ताणून धरून स्थिर केलेलं असतं, तुमच्या पडद्याचं ते नीट झालं नसावं. याच गुणामुळे पॉलिएस्टरच्या स्कर्टच्या चुण्या धुतल्यावरही जात नाहीत, त्या गरम करून बसवलेल्या असतात, सुतीच्या चुण्या पाणी लागताच जातात.

कार्बन फायबर, म्हणजे कार्बनचे बारीक तंतू, ज्यांचं कापडही विणतात, ते तर लांबीच्या दिशेने तापल्यावर किंचित आखडतं, त्याला तापल्यावर वाढणाऱ्या राळेबरोबर (रेझिनबरोबर) हिशोबाने जोडलं की असा पदार्थ मिळतो जो उन्हात आणि सावलीत जवळजवळ एकाच मापाचा राहतो, उपग्रहांचे सांगाडे यासाठीच त्याचे करतात. विणलेलं कापड आणि स्लॅबचं प्रसरण इथे अक्षरशः एकाच वस्तूत भेटतात आणि मला याचं फार अप्रूप आहे.

प्रश्न: भर दुपारी मोठा आवाज झाला आणि हॉलमधल्या फरशीच्या टाइल्स मधोमध तंबूसारख्या वर आल्या. भूकंप झाला की काय वाटलं.

उत्तर: टाइल्स एकमेकांना खेटून बसवल्यात का बघा, बहुतेक तसंच असणार. बिनफटीची फरशी दिसायला छान असते पण ती चारी भिंतींमध्ये पक्की अडकलेली असते. टाइल उन्हाने वाढते, काही प्रकारच्या टाइल्स हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षं हळूहळू मोठ्या होतात आणि परत लहान होत नाहीत, आणि खालचा स्लॅब मात्र सुकत सुकत लहान होत जातो. हे तिन्ही एकाच दिशेला साठत जातं, आणि एके दिवशी चिकट थर सुटला की एकदम वर.

सुटलेल्या टाइल्सच्या आजूबाजूच्या वाजवून बघा, पोकळ आवाज येणाऱ्या सगळ्या काढा. परत बसवताना दोन टाइल्समध्ये २ ते ३ मिलिमीटर फट ठेवून ग्राउट (फटीत भरायचा माल) भरा, टाइलच्या पूर्ण पाठीला ॲडेसिव्ह लागू द्या, चार कोपऱ्यांना चार गोळे नको, आणि भिंतीच्या कडेला सगळीकडे बोटाच्या अर्ध्या जाडीएवढी जागा मोकळी सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कारागीर त्या जागेत सिमेंट भरून टाकेल, तेव्हा तिथे उभे राहा.

प्रश्न: जाड काचेचा ग्लास मजबूत म्हणून आणला तर उकळतं पाणी ओतताच तडकला, पातळ काचेचा मात्र टिकतो.

उत्तर: जाड काचेची आतली बाजू तापून वाढते आणि बाहेरची अजून गारच असते, उष्णता पोचायला वेळ लागतो. आतली बाजू बाहेरचीला ताणते आणि काच ताणाला अगदी हळवी, एखाद्या बारीक ओरखड्यापासून सुरुवात होते आणि गेली. पातळ काच झटकन आरपार तापते. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच वाढते, दर अंशाला मीटरमागे ३.३ मायक्रॉन, म्हणून प्रयोगशाळेत आणि ओव्हनमध्ये तीच वापरतात. जर्मनीत ओटो शॉट यांनी ती १९ व्या शतकाच्या शेवटी तयार केली. ओरखडे पडलेल्या कुठल्याही काचेत उकळतं काही ओतू नका.

प्रश्न: इस्त्रीतून मधूनमधून टिक असा आवाज येतो आणि दिवा विझतो. बिघडलीय का?

उत्तर: नाही, ती काम करतेय. आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते, एक धातू जास्त वाढतो, एक कमी, त्यामुळे तापली की पट्टी वाकते आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडते, गार झाली की सरळ होऊन परत जोडते. ही युक्ती घड्याळं बनवणाऱ्या जॉन हॅरिसन यांनी १८ व्या शतकात समुद्रावर चालणाऱ्या घड्याळासाठी काढली. अशा पट्टीत कमी वाढणारा धातू म्हणून बरेचदा इन्व्हार वापरतात, लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला आणि त्या कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रश्न: गच्चीवरचा प्लास्टिकचा पाइप उन्हाळ्यात सापासारखा वाकडा होतो, क्लॅम्प कितीही घट्ट केले तरी.

उत्तर: घट्ट केलेत म्हणूनच. पीव्हीसी लोखंडाच्या पाच-सहा पट वाढतं, १० मीटरचा पाइप ३० अंश तापला तर २ सेंटीमीटरच्या आसपास लांब होतो, आणि दोन्हीकडे जखडलेला असेल तर ती लांबी बाजूलाच जाणार. मधला एकच क्लॅम्प पक्का ठेवा, बाकीचे एवढे सैल करा की पाइप त्यांच्यातून सरकेल पण लोंबणार नाही, आणि लांब सरळ भागात एक यू आकाराचं वळण घ्या. वळणाच्या अगदी जवळ क्लॅम्प मारू नका, तिथे पाइपला वाकायला मोकळीक लागते. पाइपवर सावली किंवा पांढरा रंग असेल तर आणखी बरं.